पिंक फ्लॉइड : सुधारून वाढवलेली आवृत्ती

डिसेंबर २०२५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'ची पन्नास वर्षांची आवृत्ती बाजारात आली. त्याआधी २०२३ मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून'ची पन्नाशी झाली, २०२२ मध्ये 'अ‍ॅनिमल्स' नव्याने आला, २०१९ आणि २०१६ मध्ये दोन मोठे संच आले. लोक वैतागून विचारतात, तीच गाणी किती वेळा विकणार? प्रश्न रास्त आहे. पण गेले काही आठवडे मी या सगळ्या नव्या आवृत्त्या जुन्यांच्या शेजारी ठेवून ऐकतोय, आणि मला यात गाण्यांइतकाच इतिहासाचा विषय दिसतोय. झालं गेलं ते पुन्हा लिहायचा हक्क कुणाचा, आणि ते लिहायची रीत कोणती?

आधी दोन शब्द समजून घेऊ, पुढे लागतील. स्टुडिओत गाणं एका पट्टीवर रेकॉर्ड होत नाही. ड्रम एका पट्टीवर, गिटार दुसऱ्या, गळा तिसऱ्या. मग या पट्ट्या कमीजास्त करून एकत्र ओततात, त्याला मिक्स म्हणतात. 'रीमास्टर' म्हणजे तयार मिक्स नुसता धुऊन-पुसून चकाचक करणं. 'रीमिक्स' म्हणजे मूळ पट्ट्यांपर्यंत परत जाणं आणि कोण पुढे, कोण मागे हे नव्याने ठरवणं. पहिलं काम पुस्तक चांगल्या कागदावर छापण्यासारखं. दुसरं म्हणजे आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर असायचं तसं, 'सुधारून वाढवलेली आवृत्ती'. सुधारलं कुणी आणि वाढवलं काय, हे बघणं वाचकाचं काम.

सुरुवात एका बाईपासून करतो. क्लेअर टॉरी.

जानेवारी १९७३, रविवार. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत 'डार्क साइड'चं काम शेवटाला आलेलं. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटची एक चाल होती, शब्द नव्हते. रेकॉर्डिंग इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने पंचवीस वर्षांच्या एका गायिकेला बोलावलं. तिला सांगितलं ते एवढंच, की विषय मरणाचा आहे, शब्द नाहीत, गा. ती गायली. शब्दाशिवाय, आक्रोशापासून कुजबुजीपर्यंत. ज्यांनी 'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐकलंय त्यांना मी वर्णन करून सांगायची गरज नाही. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी ही पोस्ट इथे थांबवून ऐकून यावं, मी थांबतो.

रविवारचे दुप्पट धरून तिला ३० पौंड मिळाले. आपलं गाणं घेतलंय की नाही हेही तिला रेकॉर्ड दुकानात दिसल्यावर कळलं. कव्हरवर गायिका म्हणून नाव होतं, पण रचनाकार म्हणून एकट्या राइटचं. पुढे या अल्बमच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या असं मानलं जातं. १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होता. क्लेअर टॉरीचे ३० पौंड ३० पौंडच राहिले.

२००४ मध्ये तिने दावा लावला. म्हणणं साधं होतं, की चाल राइटची, पण त्यावर जे गायलं गेलं ते मी जागच्या जागी रचलं. २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, पण त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रचनाकार म्हणून राइट आणि टॉरी अशी दोन नावं छापली जातात. गाण्याचा एक सूरही बदललेला नाही, बदलली ती एक ओळ, आणि तिला ३२ वर्षं लागली. त्या एका ओळीसाठी तरी पुनर्प्रकाशनाचा हा सगळा उद्योग मला मान्य आहे.

आम्ही ज्या वयात फ्लॉइड ऐकला त्या वयात ही नावं वाचायची सोयच नव्हती. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना हॉस्टेलवर फिरणारी कॅसेट ही कॉपीची कॉपी असायची, आणि कव्हरच्या जागी वहीचा कागद. त्यावर बॉलपेनने फक्त बँडचं नाव. त्यामुळे कोण गातंय, कोण वाजवतंय हे सगळं अंदाजपंचे. जगभरात कोट्यवधी लोकांनी हे संगीत असंच नावांशिवाय ऐकलं असणार. म्हणून श्रेयनामावली ही बारीक अक्षरातली फालतू गोष्ट आहे असं मला कधीच वाटत नाही.

दुसरी गोष्ट हरवलेल्या व्हायोलिनची. १९७५ मध्ये अ‍ॅबी रोडलाच 'विश यू वेअर हिअर' चालू होतं. त्याच इमारतीत स्टेफान ग्रापेली आणि येहुदी मेन्युहिन आपलं रेकॉर्डिंग करत होते. ग्रापेली म्हणजे जॅझ व्हायोलिनमधलं मोठं नाव, तेव्हा वय ६७. फ्लॉइडच्या पोरांनी त्यांना बोलावलं, ते आले, शीर्षकगीतावर वाजवून गेले. मग मिक्समध्ये ते व्हायोलिन इतकं खाली गेलं की शेवटच्या वाऱ्याच्या आवाजात ते जवळजवळ ऐकूच येत नाही. इतकं कमी ऐकू येतंय तर नाव कशाला, असा विचार करून कव्हरवर नावही दिलं नाही. पुढे त्या पट्टीवर दुसरंच काही रेकॉर्ड झालं आणि ते वादन पुसलं गेलं, असं ड्रमर निक मेसनलाही वाटत होतं. २०११ च्या आवृत्तीसाठी जुने टेप धुंडाळले तेव्हा ते सापडलं, आणि त्या वर्षी वेगळा तुकडा म्हणून ते छापलं. मूळ गाण्याला हात लावला नाही, हे महत्त्वाचं. १९७५ चा निर्णय जसाच्या तसा राहिला आणि त्याच्या शेजारी नाकारलेला पर्याय ठेवला गेला. ऐकणाऱ्याने ठरवावं काय बरं होतं. ग्रापेली १९९७ मध्ये गेले होते.

आता 'अ‍ॅनिमल्स'. माझा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात जास्त भांडण झालेला.

१९७६ चा इंग्लंड डोळ्यासमोर आणा. एक वर्ष आधी महागाईचा दर २४ टक्क्यांच्या वर गेलेला. बेकार दहा लाखांहून जास्त. उन्हाळ्यात मोठा दुष्काळ. सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जायची वेळ आली, तेही ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी. एकेकाळी ज्यांनी जगाला सावकारी शिकवली, ते रांगेत उभे. रस्त्यावर पंक पोरं होती, आणि त्यांच्यातला जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडचा द्वेष करतो असं लिहिलेला टी-शर्ट घालून फिरत होता. म्हणजे आमचे हे नायक तेव्हा पोरांच्या लेखी प्रस्थापित झालेले, पैसेवाले म्हातारे. वय जेमतेम तिशीतलं!

त्या वातावरणात इस्लिंग्टनमधल्या आपल्या नव्या ब्रिटानिया रो स्टुडिओत बसून रॉजर वॉटर्सने समाजाचे तीन प्राणी केले. कुत्रे म्हणजे एकमेकांचे गळे धरत वर चढणारे धंदेवाले. डुकरं म्हणजे वर बसून नीती शिकवणारे. मेंढ्या म्हणजे मुकाट मागे चालणारे बाकी आपण. कल्पनेमागे ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' उघड आहे, फक्त ऑर्वेलचा रोख स्टालिनच्या रशियावर होता आणि वॉटर्सचा आपल्याच देशातल्या भांडवलशाहीवर. रेडिओवर वाजेल असं एकही गाणं नाही. 'डॉग्ज' एकटंच सतरा मिनिटांचं.

कव्हरसाठी लंडनच्या बॅटरसी वीजघराच्या चिमण्यांमध्ये फुगवलेलं डुक्कर टांगायचं ठरलं. डुक्कर चाळीस फुटी. डिसेंबर १९७६ मध्ये फोटोच्या पहिल्या दिवशी ते सुटलं तर गोळी घालायला नेमबाज ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं राहिलं, आणि नेमकं त्याच दिवशी डुक्कर सुटलं. हीथ्रो विमानतळाच्या वाहतुकीत गोंधळ झाला, आणि शेवटी ते केंट परगण्यातल्या एका शेतात उतरलं. हा किस्सा सगळे सांगतात, कारण गमतीदार आहे. पण ती इमारत कोळशावर चालणारी होती, शहराला वीज देत होती, आणि मजुरांची होती, हे लोक विसरतात.

या अल्बमचा जेम्स गथ्री यांनी केलेला रीमिक्स २०१८ मध्येच तयार होता. बाहेर आला सप्टेंबर २०२२ मध्ये. चार वर्षं कशावरून अडली? आवाजावरून वाद नव्हता, वाद होता सोबत छापायच्या लेखावरून. पत्रकार मार्क ब्लेक यांनी अल्बमच्या जन्माची हकीकत लिहिली होती. ती छापायला डेव्हिड गिलमोर तयार नव्हता. वॉटर्सचं म्हणणं असं, की मजकुरातल्या कुठल्याही गोष्टीला कुणी खोटं म्हणत नाहीये, फक्त ती छापायला नको आहे. शेवटी तोड निघाली ती अशी: अल्बम लेखाशिवाय काढायचा. वॉटर्सने २०२१ मध्ये तो लेख आपल्या वेबसाइटवर टाकला.

आता मी या धंद्यातला माणूस, म्हणून मला यातलं राजकारण ओळखीचं वाटलं. दोन गटांत इतिहासावर एकमत होत नसेल तर कोरं पान सोडायचं. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली तेव्हा नेमकं हेच झालं. पहिल्या पंधरा वर्षांत संस्था कुणी उभी केली यावर दोन घराण्यांत वाद, म्हणून त्या काळावर एक परिच्छेदही नाही. जाहिराती चाळीस पानं. कोरं पान निष्पक्ष दिसतं, पण ते ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या सोयीचं असतं. कारण जो वर नाही, त्याची बाजू सांगायला तेवढं एकच पान असतं.

'अ‍ॅनिमल्स'च्या नव्या आवृत्तीचं कव्हरही नवं आहे. तेच बॅटरसी, पण आता भोवती बांधकामाच्या क्रेन. वीजघर १९८३ मध्ये पूर्ण बंद पडलं, मग कैक वर्षं पडीक. आता तिथे मॉल आहे, महागडे फ्लॅट आहेत, अ‍ॅपलचं ऑफिस आहे. लोकांसाठी ते उघडलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे नवा अल्बम आल्यावर महिनाभराने. सोबतचा लेख गाळला, पण कव्हरने न बोलता पंचेचाळीस वर्षांचा इतिहास सांगून टाकला. कुत्रे जिंकले म्हणायचं.

पुढचं प्रकरण जरा अवघड आहे. राइटचं.

१९७९ मध्ये 'द वॉल'चं काम चालू असताना वॉटर्सच्या आग्रहाने राइटला बँडमधून काढलं. नंतरच्या कार्यक्रमांना तो पगारी वादक म्हणून आला. गंमत अशी की तो दौरा इतका खर्चिक होता की त्यात बाकी तिघांना तोटा झाला आणि पगारी राइट तेवढा पैसे घेऊन घरी गेला. १९८५ मध्ये वॉटर्स स्वतःच बाहेर पडला. नाव कुणाचं यावरून कोर्टबाजी झाली, १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. त्याच वर्षी गिलमोरने 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' काढला. त्यात राइट नावापुरता, तोही पगारावर. निक मेसनचा बराच वाटा बाहेरच्या ड्रमरनी आणि मशीनने वाजवलेला.

२०१९ मध्ये या अल्बमचा नवा अवतार आला. त्यात राइटचे कीबोर्ड त्याच्या जुन्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमधून उचलून घातले, आणि मेसनने ड्रम नव्याने वाजवले. राइट २००८ मध्येच गेला होता. म्हणजे जो माणूस १९८७ मध्ये जवळपास नव्हताच, तो ३२ वर्षांनी, मरणानंतर, त्या अल्बममध्ये आला.

हा न्याय की बनावट? मी दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या. नवी जास्त चांगली वाटते, यात शंका नाही. जुन्या रेकॉर्डवर ऐंशीच्या दशकातला जो थंड, धातूसारखा ड्रम आहे तो गेला, खोलीत माणसं आहेत असं वाटतं. पण १९८७ मध्ये खरं काय होतं? एक मोडका बँड होता, जो भाड्याच्या हातांनी स्वतःला अखंड दाखवत होता. जुना अल्बम त्या मोडकेपणाचा पुरावा आहे. नवा अल्बम म्हणजे झालं असतं तर बरं झालं असतं असा इतिहास. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने: नावातच 'रीमिक्स्ड अँड अपडेटेड' असं लिहिलंय, म्हणजे लपवाछपवी नाही. अडचण तेव्हा होईल जेव्हा कंपनी जुनी आवृत्ती गुपचूप काढून घेईल आणि नव्या पिढीला हीच १९८७ ची वाटेल.

याच्या उलट उदाहरण 'द फायनल कट'चं. १९८३ चा हा अल्बम वॉटर्सने आपल्या वडिलांना अर्पण केलाय. एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक. आधी युद्धाला विरोध म्हणून शस्त्र घ्यायला नकार दिला, लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालवली, मग फॅसिझमविरुद्ध लढलंच पाहिजे असं वाटून सैन्यात गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. १९८२ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने फॉकलंड बेटांसाठी युद्ध केलं आणि चाळिशीकडे झुकलेल्या या पोराचा बांध फुटला. बापाने कशासाठी जीव दिला आणि तुम्ही देशाचं काय केलंत, एवढाच त्या अल्बमचा विषय.

वडिलांच्या मरणाचं थेट वर्णन असलेलं 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' हे गाणं १९८२ मध्ये सिनेमासोबत सुटं निघालं होतं, १९८३ च्या अल्बमवर नव्हतं. २००४ च्या आवृत्तीत ते अल्बमच्या मधोमध घातलं. शुद्धतावादी चिडले. मला विचाराल तर ते तिथलंच होतं. अर्पणपत्रिकेतल्या नावामागचा माणूस त्या गाण्याशिवाय कळतच नाही. भर घालणं आणि बदलून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पैशाची बाजू, कारण ती टाळून हा इतिहास पूर्ण होत नाही. २०१६ च्या 'द अर्ली इयर्स' या संचात २७ डिस्क होत्या. त्यात सिड बॅरेटची 'व्हेजिटेबल मॅन'सारखी गाणी पहिल्यांदा अधिकृतपणे आली. बँड उभा करणारा हा माणूस १९६७ मध्ये मनाने ढासळत होता, आणि ते गाणं त्या ढासळण्याचंच चित्र आहे. जवळजवळ पन्नास वर्षं बँडने ते झाकून ठेवलं. बॅरेट २००६ मध्ये गेला, मग ते आलं. मित्राच्या आजाराचं रेकॉर्डिंग विकावं का, हा प्रश्न मला अजून टोचतो.

आणि पन्नास वर्षं हा आकडा नुसता भावनेचा नाही. युरोपच्या कायद्यात अप्रकाशित रेकॉर्डिंगवरचा हक्क पन्नास वर्षांनी संपतो, आणि त्याआधी प्रकाशित केलं तर तो सत्तर वर्षांपर्यंत जातो. आपल्याकडे ही मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षं आहे. त्यामुळे कैक मोठ्या कलाकारांच्या कपाटातले टेप नेमके पन्नाशीच्या आत बाहेर येतात. २०२१ आणि २०२२ च्या डिसेंबरात फ्लॉइडचे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे कार्यक्रम गाजावाजा न करता ऑनलाइन आले, ते याच हिशेबात बसतात. तरीही पुरावा बाहेर आला, हे चांगलंच.

हा हक्क म्हणजे काय ते २०२२ मध्ये उघडच दिसलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पिंक फ्लॉइडने रशिया आणि बेलारूसमधून आपलं संगीत काढून घेतलं. पण कुठलं? १९८७ पासून पुढचं, म्हणजे वॉटर्स नसतानाचं. 'डार्क साइड', 'द वॉल' तिथेच राहिले. एप्रिलमध्ये गिलमोर आणि मेसनने युक्रेनी गायक आंद्री ख्लिव्हन्यूकच्या आवाजावर नवं गाणं काढलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वॉटर्स रशियाच्या निमंत्रणावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलला. हल्ला बेकायदा आहे असं म्हणाला, आणि तो विनाकारण झालेला नाही असंही म्हणाला. एका बँडची दोन परराष्ट्र धोरणं, आणि मधली सीमारेषा १९८७! त्याच वर्षी वॉटर्सने 'डार्क साइड' एकट्याने पुन्हा रेकॉर्ड करून विकला. आणि २०२४ मध्ये बातमी आली, की बँडच्या रेकॉर्डिंगचे हक्क सोनी कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरला घेतले. आता यापुढच्या आवृत्त्यांवर शेवटचा शब्द कुणाचा असेल, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातून मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या काढल्यात. पहिली, जुनी आवृत्ती शाबूत आहे का? दुसरी, काय बदललं, कुणी आणि कधी, हे स्पष्ट लिहिलंय का? तिसरी, ज्याचं नाव राहिलं होतं त्याचं आलं का? क्लेअर टॉरीची आवृत्ती तिन्हींत पास. ग्रापेलींची पास. 'लॅप्स' काठावर. 'अ‍ॅनिमल्स' आवाजात पहिला नंबर आणि दुसऱ्या कसोटीत नापास.

याच कसोट्या घरच्या गोष्टींना लावून बघा. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येते, धडा गेलेला असतो, का गेला ते कुठेच नसतं. वेबसाइटवरची बातमी दुपारी एक असते, संध्याकाळी दुसरी, खाली दुरुस्तीची एक ओळही नाही. छापील पेपरात निदान दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा यायचा, आणि चुकलेला अंक ग्रंथालयाच्या फायलीत कायमचा असायचा. गावच्या शाळेचा, बँकेचा, देवस्थानचा इतिहास दर दहा वर्षांनी नव्या कार्यकारिणीच्या फोटोसह नव्याने लिहिला जातो. जुनी स्मरणिका रद्दीत.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या स्मरणिका, अहवाल, पत्रिका, पेपरची कात्रणं, कॅसेटी असतील तर टाकू नका. नवी आवृत्ती खुशाल घ्या, पण जुनी तिच्या शेजारीच ठेवा. आणि तुमच्या गावातल्या कुठल्या इतिहासात कुणाचं नाव राहिलंय, हे माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. कुठेतरी छापून ठेवू.